अदृश्याचा पहारेकरी

निखाऱ्याची धग लागताच लहान मूलदेखील हात मागे घेते. नासलेल्या अन्नाचा वास येतो, कडवट पदार्थ जीभ तत्काळ ओळखते, पाचोळ्यात सळसळ झाली की वाटसरू जागच्या जागी थबकतो. डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा ही पाच ज्ञानेंद्रिये म्हणजे मनुष्यदेहाचे पाच पहारेकरीच होत. संकटाची चाहूल लागताच ते त्याला सावध करतात. परंतु एक संकट असे आहे की, ते अगदी समोर येऊन उभे राहिले तरी या पाचांपैकी एकालाही त्याचा पत्ता लागत नाही. किरणोत्सर्गी पदार्थांतून बाहेर पडणारे किरण डोळ्यांना दिसत नाहीत; त्यांना वास नाही, चव नाही, आवाज नाही; आणि ते शरीरातून आरपार गेले तरी त्या क्षणी वेदना होत नाही. म्हणून जेथे असे पदार्थ वापरले जातात, तेथे एक सहावा पहारेकरी नेमावा लागतो. विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतून हे काम करणाऱ्या माणसाला किरणोत्सर्ग-सुरक्षा तंत्रज्ञ असे म्हणतात.

सृष्टीतील बहुतेक अणू स्थिर असतात; परंतु काही अणूंच्या केंद्रांत समतोल नसतो. असे अणू आपोआप पालटतात आणि पालटताना त्यांच्या केंद्रांतून सूक्ष्म कण अथवा किरण मोठ्या वेगाने बाहेर पडतात. या क्रियेलाच किरणोत्सर्ग म्हणतात. इ. स. १८९६ मध्ये पॅरिस येथे आंरी बेक्वेरेल या शास्त्रज्ञाला युरेनियमच्या क्षारांत हा गुणधर्म प्रथम आढळला. पुढे दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, मारी आणि पिअर क्यूरी या दांपत्याने पोलोनियम व रेडियम ही दोन नवी मूलद्रव्ये शोधून काढली. या किरणांत केवढे सामर्थ्य आहे हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. बेक्वेरेल यांनी रेडियमची एक लहानशी नळी खिशात ठेवून नेली, तेव्हा काही दिवसांनी त्यांच्या अंगावर भाजल्यासारखा व्रण उठला. मारी क्यूरी यांचा अंत १९३४ मध्ये रक्तनिर्मिती मंदावण्याच्या विकाराने झाला. वर्षानुवर्षे किरणांच्या सान्निध्यात केलेल्या कामाचाच तो परिणाम होय, असे मानले जाते. त्यांच्या हस्तलिखित वह्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आजही शिशाचे अस्तर लावलेल्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत. कारण त्या पानांना लागलेले रेडियम अद्याप किरण सोडीतच आहे. रेडियमचे सामर्थ्य निम्मे होण्यास सुमारे १६०० वर्षे लागतात!

हे किरण शरीरात शिरले म्हणजे तेथील अणूंवर आघात करतात. त्यामुळे शरीराच्या सूक्ष्म पेशींची घडण बिघडते. आघात अल्प असेल, तर शरीर आपली दुरुस्ती आपणच करते. तो मोठा असेल, तर त्वचेवर व्रण पडतात, केस गळतात, हाडांतील मगज रक्त तयार करीनासा होतो. कित्येकदा तर वरवर काहीच घडत नाही आणि अनेक वर्षांनी कर्करोगासारखा विकार उद्भवतो.

मग असले घातक पदार्थ विद्यापीठांत ठेवावेच कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर असे की, जो गुण घातक तोच गुण उपकारकही आहे. किरणोत्सर्गी अणू जेथे जाईल तेथून आपला ठावठिकाणा कळवीत राहतो. रोपाच्या मुळाशी घातलेले स्फुरदाचे खत कोणत्या पानापर्यंत किती वेळात पोहोचते, हे नुसत्या डोळ्यांनी कळणे शक्य नाही. परंतु त्या खतात किंचित किरणोत्सर्गी स्फुरद मिसळला, तर त्याचा माग यंत्राच्या साहाय्याने काढता येतो. अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मेल्विन कॅल्व्हिन व त्यांचे सहकारी यांनी याच रीतीने किरणोत्सर्गी कार्बन वापरून, वनस्पती हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून साखर कसकशी तयार करतात, याचा एकेक टप्पा शोधून काढला. या कार्यासाठी कॅल्व्हिन यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चुलीतील विस्तव अन्न शिजवितो आणि तोच वाऱ्याने उडून छपरावर पडला तर घर जाळतो. म्हणून कोणी चूल विझवून उपाशी बसत नाही; विस्तव चुलीतच राहील अशी काळजी मात्र घेतो. प्रयोगशाळेतील हा विस्तव चुलीतच राहतो की नाही हे पाहणे, हेच सुरक्षा तंत्रज्ञाचे काम होय.

त्याच्या कामाचा आरंभ किरणोत्सर्गी पदार्थ विद्यापीठाच्या आवारात येतो त्या क्षणी होतो. पार्सल येताच तो प्रथम त्याच्या बाहेरून किती किरण येत आहेत हे मोजतो. आतील कुपी फुटून खोक्याला काही लागले आहे काय, हे तपासतो. आणि मगच ते आत पाठवितो. त्यानंतर त्याची नोंद वहीत होते. कोणता पदार्थ, किती प्रमाणात, कोणत्या दिवशी आला, कोणत्या कपाटात ठेवला, कोणी किती नेला, किती उरला, हे सर्व तीत लिहिलेले असते. ही वही दिसावयास साधी. परंतु या व्यवसायात तिच्याइतके महत्त्व दुसऱ्या कशालाही नाही. ते का, हे पुढे दिसून येईल.

तंत्रज्ञाच्या हातातील मुख्य साधन म्हणजे गायगर गणक. हान्स गायगर यांनी रदरफर्ड यांच्यासमवेत १९०८ मध्ये या यंत्राचे पहिले रूप तयार केले आणि १९२८ मध्ये म्यूलर यांच्या साहाय्याने त्यात मोठी सुधारणा केली. वायूने भरलेल्या एका नळीतून किरण गेला की, तीत क्षणभर विजेचा प्रवाह वाहतो आणि यंत्र ‘टिक्’ असा आवाज करते. किरण विरळ असले तर टिक्... टिक् असा सावकाश आवाज येतो. ते दाट असले तर कढईत मोहरी तडतडावी तसा ध्वनी सुरू होतो. जे डोळ्यांना दिसत नाही ते अशा रीतीने कानांना ऐकू येते. तपासणीस निघण्यापूर्वी तंत्रज्ञ यंत्राची बॅटरी पाहतो आणि ज्याचे बळ ठाऊक आहे अशा लहानशा नमुन्यासमोर ते धरून पाहतो. ज्या यंत्रावर दुसऱ्यांचे प्राण विसंबून आहेत, त्याचीच परीक्षा आधी व्हावयास नको काय?

मग तो प्रयोगशाळेतून फिरू लागतो. टेबलाचा पृष्ठभाग, मोरीचा काठ, शीतकपाटाची मूठ, दाराची कडी, जमिनीवरील फरश्या अशा प्रत्येक ठिकाणी तो यंत्र सावकाश फिरवितो. घाई करून चालत नाही. कारण यंत्र भरभर फिरविले तर लहानसा डाग निसटून जातो. शीतकपाटात कोणी दुपारच्या जेवणाचा डबा ठेवलेला नाही ना, हेही तो आवर्जून पाहतो. किरणोत्सर्गी पदार्थ जेथे हाताळले जातात, तेथे खाणेपिणे सर्वथा वर्ज्य असते. बाहेरून किंचितही अपाय न करणारा पदार्थ अन्नाबरोबर पोटात गेला, तर तो आत राहून दीर्घकाळ घात करू शकतो.

परंतु गायगर गणकालाही सर्व काही कळते असे नाही. ट्रिटियम नावाचा हायड्रोजनचा एक किरणोत्सर्गी प्रकार आहे. त्याचे किरण इतके दुबळे असतात की, ते नळीच्या पातळ पडद्यातूनही आत शिरू शकत नाहीत. त्याच्यासमोर यंत्र मूकच राहते. अशा वेळी तंत्रज्ञ गोल गाळणकागदाचा तुकडा घेऊन त्याने टेबलाचा ठरावीक भाग पुसतो. तो कागद एका विशिष्ट द्रवात बुडविला की, त्यावर ट्रिटियमचा अंश असल्यास त्या द्रवात अतिसूक्ष्म प्रकाशकण चमकतात आणि दुसरे एक यंत्र ते मोजते. यंत्र मूक आहे म्हणून जागा निर्दोष आहे असे चांगला तंत्रज्ञ कधीच समजत नाही. हे यंत्र काय ऐकू शकते आणि काय ऐकू शकत नाही, याचे ज्ञान हीच त्याची खरी विद्या.

किरणांपासून बचाव करण्याचे उपाय तीन आहेत. पहिला उपाय वेळेचा. काम जितक्या थोड्या वेळात उरकेल तितके चांगले. म्हणून नव्या विद्यार्थ्याकडून तंत्रज्ञ आधी साध्या रंगीत पाण्यावर तोच प्रयोग पुन्हापुन्हा करवून घेतो. हात सरावला म्हणजे खऱ्या प्रयोगाला वेळ कमी लागतो. दुसरा उपाय अंतराचा. लहानशा कुपीपासूनचे अंतर दुप्पट केले, तर किरणांची तीव्रता निम्मी नव्हे, तर एक चतुर्थांश होते. तिप्पट केले, तर एक नवमांश होते. म्हणून कुपी बोटांनी न उचलता लांब चिमट्याने उचलतात. तिसरा उपाय आडोशाचा. गॅमा किरण अडविण्यास शिशासारखा जड धातू लागतो. परंतु येथे एक मौजेची गोष्ट आहे. किरणोत्सर्गी स्फुरदातून बीटा कण बाहेर पडतात. ते वेगवान कण शिशावर आदळून एकाएकी थबकले की, तेथे नवे क्ष-किरण उत्पन्न होतात! म्हणून त्यांच्यासाठी शिसे न वापरता सुमारे एक सेंटिमीटर जाडीची ॲक्रिलिकची पारदर्शक पाटी उभी करतात. सर्वांत जड ढाल तीच सर्वांत चांगली ढाल, असे नव्हे. शत्रू कोण आहे हे ओळखूनच ढाल निवडावी लागते.

प्रयोगशाळेत काम करणारा प्रत्येकजण छातीवर एक बिल्ला लावतो. त्या बिल्ल्यात विशिष्ट स्फटिकद्रव्याच्या लहान चकत्या असतात. अंगावर पडलेल्या किरणांची शक्ती त्या साठवून ठेवतात. ठरावीक काळाने तंत्रज्ञ सर्व बिल्ले गोळा करून तपासणीस पाठवितो. तेथे चकत्या तापविल्या की, साठविलेली शक्ती प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. जितका प्रकाश अधिक, तितके किरण अधिक पडले असा हिशोब होतो. हे मोजण्याचे परिमाण मिलिसीव्हर्ट हे आहे. जमीन, हवा, अन्न आणि आकाश यांतून येणारे नैसर्गिक किरण तर प्रत्येकाच्या अंगावर पडतच असतात. जगाची सरासरी पाहिली, तर ते माणशी वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट भरतात. या नैसर्गिक किरणांखेरीज, भारतात किरणांजवळ काम करणाऱ्या माणसाला कामातून पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टपेक्षा अधिक किरण मिळू नयेत, असा नियम आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ हे नियम घालून देते. त्याचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे. एखाद्याच्या बिल्ल्यावरील आकडा नेहमीपेक्षा वाढलेला दिसला की, नियमाची मर्यादा ओलांडण्याची वाट न पाहता तंत्रज्ञ त्याच्याकडे जातो आणि काम करण्याची रीत कोठे चुकते आहे, हे त्याच्याबरोबर बसून शोधतो.

इतकी दक्षता घेऊनही कधीकधी चूक होतेच. समजा, एखाद्या विद्यार्थ्याच्या हातून कुपी निसटली आणि थोडा द्रव जमिनीवर सांडला. अशा वेळी त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. लोक रागावतील या भीतीने तो डाग गुपचूप पुसून टाकणे, हा एक मार्ग. तसे केले तर तो द्रव फडक्याला लागतो, फडक्यावरून हाताला, हातावरून दाराच्या कडीला, आणि बुटांच्या तळव्यांबरोबर जिन्यावरून थेट वसतिगृहापर्यंत जातो. दुसरा मार्ग म्हणजे जागीच थांबणे, इतरांना सावध करणे, डागावर शोषक कागद टाकणे आणि तंत्रज्ञाला बोलावणे. तंत्रज्ञ येतो, डागाभोवती खुणेची फीत लावतो आणि कडेकडून मध्याकडे पुसत येतो. मधून कडेकडे पुसले तर डाग पसरतो. सर्वांचे हात आणि बूट तपासल्यावाचून तो कोणालाही बाहेर जाऊ देत नाही. हाताला काही लागले असेल, तर ते कोमट पाण्याने व साबणाने हलकेच धुवावयास लावतो. जोराने घासू देत नाही, कारण कातडी सोलली तर द्रव आत शिरेल. शहाणा तंत्रज्ञ अशा वेळी विद्यार्थ्यावर ओरडत नाही. ज्याला सांगितल्याबद्दल शिक्षा मिळते तो पुढच्या वेळी सांगत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. झालेली चूक लपविलेल्या चुकीहून नेहमीच लहान असते.

प्रयोग संपला तरी तंत्रज्ञाचे काम संपत नाही. वापरलेल्या नळ्या, हातमोजे, कागद हा सर्व कचरा तो पदार्थाप्रमाणे वेगळा करतो आणि प्रत्येक पेटीवर नाव व तारीख लिहितो. किरणोत्सर्गी पदार्थाचे सामर्थ्य जितक्या काळात निम्मे होते, त्या काळाला अर्धायुष्य म्हणतात. किरणोत्सर्गी स्फुरदाचे अर्धायुष्य सुमारे १४ दिवसांचे असते. निम्म्याचे निम्मे, त्याचेही निम्मे, असे दहा वेळा झाले की, मूळच्या सामर्थ्याचा केवळ १०२४ वा भाग उरतो. म्हणून स्फुरदाची पेटी पाच महिने कुलपात ठेवून, मग यंत्राने तपासून, साध्या कचऱ्याप्रमाणे टाकता येते. कार्बनची गोष्ट निराळी. या कामात वापरल्या जाणाऱ्या किरणोत्सर्गी कार्बनचे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षांचे आहे. तेवढी वाट कोण पाहणार? असा कचरा त्यासाठी अधिकृत असलेल्या संस्थेच्या हवाली करावा लागतो.

आता त्या वहीकडे वळू. तिच्यात हिशोब राहिला नाही तर काय घडते, हे २०१० मध्ये दिल्लीत दिसून आले. तेथील एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९७० च्या सुमारास कॅनडातून आणलेले एक यंत्र होते. शिशाच्या जाड कवचाआड त्यात किरणोत्सर्गी कोबाल्ट ठेवलेले होते. १९८५ नंतर ते वापरात नव्हते. ज्यांना त्याची माहिती होती ती माणसे निघून गेली आणि यंत्र एका खोलीत धूळ खात पडले. २०१० च्या फेब्रुवारीत ते जुन्या सामानाबरोबर लिलावात विकले गेले. नियामक मंडळाला त्याची सूचना देण्यात आली नाही. मायापुरी येथील भंगार बाजारात मजुरांनी ते फोडले. त्यांच्या दृष्टीने तो केवळ चांगला भाव येणारा धातू होता. त्यातील चकाकणारे तुकडे हातोहाती गेले; एकाने तर एक तुकडा आपल्या पाकिटात ठेवला. थोड्याच आठवड्यांत तेथील माणसांची त्वचा काळवंडू लागली, केस गळू लागले. सात-आठ जणांना रुग्णालयात न्यावे लागले आणि त्यांपैकी एकाचा एप्रिल महिन्यात मृत्यू झाला. शास्त्रज्ञांनी दुकानादुकानांतून यंत्रे फिरवून कोबाल्टचे तुकडे शोधले आणि ते नरोरा येथील अणुवीज केंद्रात सुरक्षित ठेवले. या कोबाल्टचे अर्धायुष्य सुमारे सव्वापाच वर्षांचे असते. म्हणजे चाळीस वर्षांत त्याचे सामर्थ्य मूळच्या सुमारे दोनशेव्या भागावर आले होते. तेवढा अवशेषही प्राणघातक ठरला.

या दुर्घटनेत कोणी दुष्टपणा केला नव्हता. एक गोष्ट विसरली गेली होती, एवढेच. परंतु विद्वानांच्या विस्मृतीचे मोल, ज्यांना किरणोत्सर्ग हा शब्दही ठाऊक नव्हता अशा कष्टकऱ्यांना द्यावे लागले. वर्षातून ठरावीक वेळी हातात वही घेऊन, प्रत्येक कपाट उघडून, ‘अमुक वस्तू येथे आहे काय?’ असे विचारणारा आणि ती डोळ्यांनी पाहिल्यावाचून खूण न करणारा मनुष्य किती मोलाचा असतो, हे यावरून ध्यानात येईल.

अशा प्रयोगशाळांच्या दारावर पिवळ्या पाटीवर एक चिन्ह असते. मध्ये एक लहान वर्तुळ आणि त्याभोवती पंख्याच्या पात्यांसारखी तीन पाती, असे त्याचे रूप आहे. हे चिन्हही एका विद्यापीठाच्या आवारातच जन्मले. ते १९४६ मध्ये बर्कली येथे तयार करण्यात आले. परंतु ज्याने ते कधी पाहिले नाही, त्याला त्यातून भय कळत नाही. म्हणून २००७ मध्ये अतितीव्र पदार्थांच्या यंत्रांसाठी आणखी एक चिन्ह ठरविण्यात आले. त्यात लाल त्रिकोणावर किरण, मानवी कवटी आणि दूर पळणारा मनुष्य दाखविला आहे. यांपैकी कोणतेही चिन्ह एखाद्या वस्तूवर, मग ती उकिरड्यावर का पडलेली असेना, दिसले तर तिला हात न लावता दूर व्हावे आणि मोठ्या माणसांना कळवावे.

आगगाडीचा गँगमन ऊनपाऊस न पाहता रूळ तपासीत मैलोगणती चालतो. गाडीतील प्रवाशांना त्याचे नावही ठाऊक नसते. त्यांना एवढेच कळते की, गाडी सुखरूप पोहोचली. किरणोत्सर्ग-सुरक्षा तंत्रज्ञाचे, मग तो पुरुष असो वा स्त्री, कामही असेच आहे. शास्त्रज्ञाचा शोध वर्तमानपत्रांत येतो, त्याला पारितोषिके मिळतात. तंत्रज्ञाच्या वहीत मात्र दिवसामागून दिवस एकच नोंद होत असते: ‘तपासणी केली, सर्व ठीक.’ ती नोंद खरी असावी म्हणून तो रोज प्रत्येक टेबलापाशी थांबतो, प्रत्येक कडी तपासतो आणि प्रत्येक कुपी मोजतो. संध्याकाळी विद्यार्थी हसतखेळत घरी जातात. काहीही घडले नाही, हेच त्याच्या दिवसभराच्या श्रमाचे फळ असते.